एक्स-रे ते निदान : ७३ दिवस

माझा धाकटा भाऊ चाकणला एका कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला खोलीवरून मोटारसायकलने निघायचं. ऑगस्टअखेर फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, सकाळी हेल्मेट घट्ट बसतंय गं. दुपारी घरी येताना मात्र नीट बसतं." मी म्हटलं, जागरणाने तोंड सुजत असेल, पाणी पीत जा. वय २४, अंगाने काटक, दवाखान्याची पायरी क्वचित चढलेला. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

त्याचा अर्थ मला खूप नंतर कळला. डोक्याकडून आणि हातांकडून अशुद्ध रक्त हृदयाकडे आणणारी एक मोठी शीर छातीत असते, सुपीरियर व्हेना काव्हा. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठ वाढली की ही शीर दाबली जाते. रात्री आडवं पडलं की रक्त वरच तुंबतं, चेहरा आणि मान सुजते. उठून चार-सहा तास वावरलं की सूज ओसरते. म्हणजे हेल्मेट पहाटे घट्ट आणि दुपारी सैल, यात त्याच्या आजाराचा पत्ता लिहिलेला होता. पण तो वाचणारं आमच्यात कुणी नव्हतं.

मग कोरडा खोकला सुरू झाला. कंपनीजवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी एक्स-रे काढला. एक्स-रेमध्ये छातीचा मधला भाग रुंद दिसला. "गाठी आहेत, टीबीच्या वाटतात," असं सांगून चार औषधांची टीबीची ट्रीटमेंट सुरू झाली. बेडका निगेटिव्ह होता, सीबीनॅट, म्हणजे बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी, तीही निगेटिव्ह होती. ताप नव्हता, रात्रीचा घाम नव्हता.

त्या डॉक्टरांवर मी पुष्कळ दिवस चिडून होते. आता तेवढी चीड नाही. आपल्याकडे टीबी घरोघरी आहे, तरुण मुलाच्या छातीत गाठी दिसल्या तर पहिला विचार टीबीचा येणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की गाठीचा तुकडा न तपासता, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह असताना "औषध लागू पडतंय का बघू" म्हणून सहा आठवडे थांबायला नको होतं. काही गाठी सहा आठवडे थांबण्यातल्या नसतात. लघवी लाल-केशरी व्हायची, ते औषधाने होतं असं सांगितलेलं होतं, आणि आम्ही त्यातच समाधान मानायचो की औषध अंगात भिनतंय.

दिवाळीला तो कराडला घरी आला. नरक चतुर्दशीला पहाटे आईने त्याला पाटावर बसवलं. मी बाजूला उटणं कालवत होते. आईने पाठीला तेल लावलं, मग पुढे छातीला हात लावला आणि थांबली. "अगं, इकडे ये जरा. ह्याच्या शिरा बघ कशा दिसतायत." बल्बच्या उजेडात, तेलाने चमकणाऱ्या कातडीखाली, गळ्याच्या हाडापासून खाली बरगड्यांपर्यंत निळ्या शिरांचं जाळं पसरलेलं होतं. काही शिरा काडीएवढ्या जाड, वाकड्यातिकड्या. व्यायाम न करणाऱ्या मुलाच्या अंगावर अशा शिरा येत नाहीत. मानेच्या दोन्ही बाजूंनाही फुगलेल्या. मी विचारलं, कधीपासून रे? तो म्हणाला, "महिना झाला असेल. आणि ताई, मला दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही." हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दुखणं अंगावर काढायची आमच्या घरात सगळ्यांनाच सवय आहे.

मोठी शीर बंद होत चालली की रक्त आडवाटेने, कातडीखालच्या बारीक शिरांमधून रस्ता काढतं. आईला ते तेल लावताना दिसलं.

भाऊबीज झाल्यावर सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये छातीच्या पुढच्या भागात १३ बाय ११ सेंटिमीटरची गाठ, मोठी शीर दाबलेली, श्वासनलिका थोडी एका बाजूला सरकलेली, हृदयाभोवती थोडं पाणी. खाली तीन शक्यता लिहिल्या होत्या : लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ, जर्म सेल ट्यूमर. हे तिसरं नाव आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. "टीबी" हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. अण्णा, आमचे वडील, रिपोर्ट उलटासुलटा करून तो शब्दच शोधत होते.

पहिल्यांदा बारीक सुई घालून गाठीतल्या पेशी काढल्या, एफएनएसी. पाच दिवसांनी उत्तर आलं, फक्त मृत पेशी, निष्कर्ष काढता येत नाही. मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या गाठीचा मधला भाग रक्त न पुरल्याने मरतो आणि सुई नेमकी तिथे गेली की असं होतं. हे पाच दिवस फुकट गेले. त्यातच त्याचा आवाज घोगरा झाला आणि खाली वाकलं की डोळ्यापुढे अंधारी यायला लागली.

पुण्यातल्या एका रुग्णालयात त्याला ॲडमिट केलं तेव्हा सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड द्यायचं ठरलं होतं. इंजेक्शन ट्रेमध्ये तयार होतं. तेवढ्यात एक रेसिडेंट डॉक्टर आली, वयाने माझ्याहून लहानच. तिने केसपेपर वाचला आणि सिस्टरना म्हणाली, "थांबा, बायोप्सी झालेली नाही." मग बाहेर येऊन तिने मला समजावलं. ही गाठ लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती विरघळते, मग तुकड्यात नीट काही दिसत नाही आणि निदान आणखी लांबतं. श्वास अगदी अडला तर द्यावंच लागेल, पण त्याचा ऑक्सिजन ९६ आहे, तेव्हा आधी तुकडा घेऊ. सलाईनची सुईही तिने हाताऐवजी पायाला लावायला सांगितली, कारण हाताकडून येणारा रस्ताच तुंबलेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत होतं.

मग तिने विचारलं, "एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच केलंय का?" मी फाईल चाळली. नव्हतं केलेलं. ती म्हणाली, विशी-तिशीतल्या मुलाच्या छातीच्या पुढच्या भागात एवढी गाठ असेल तर ह्या तीन रक्ततपासण्या पहिल्याच दिवशी व्हायला हव्यात. तिने भावाच्या अंडकोशाचीही तपासणी करायला हवी म्हणून सांगितलं. तो माझ्याकडे बघायला लागला, मी उठून बाहेर गेले. सोनोग्राफीत तिथे काही निघालं नाही.

रक्त बाहेरच्या लॅबमध्ये द्यायचं होतं. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी दोनदा वाचली. "मॅडम, पेशंट पुरुष आहे ना? ही एचसीजी प्रेग्नन्सीची टेस्ट आहे." मी म्हटलं, पुरुषच आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय, कराच. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे हार्मोन एरवी गरोदरपणातच वाढतं, पण काही जर्म सेल ट्यूमरमध्येही वाढतं. एएफपी हे प्रथिन पोटातल्या बाळाच्या यकृतात आणि बाळाच्या सोबत असलेल्या योक सॅक नावाच्या पिशवीत तयार होतं. मोठ्या माणसात ते दहाच्या आतबाहेर असतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढतं, आणि वाढतं ह्या जर्म सेल ट्यूमरमध्ये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. एएफपी ८,४२०. मला आधी वाटलं दशांश चिन्ह राहिलंय. मी लॅबला फोन केला. ते म्हणाले, आम्ही सॅम्पल पातळ करून दोनदा लावलंय मॅडम, तेवढंच आहे.

रेसिडेंट डॉक्टरला मी तो आकडा दाखवला तेव्हा तिचा चेहरा गंभीर झाला, पण ती म्हणाली, "हे कळलं ते बरं झालं." गर्भ अगदी लहान असताना पुढे बीज तयार करणाऱ्या पेशी, म्हणजेच जर्म सेल, योक सॅककडून शरीराच्या मध्यरेषेने प्रवास करत अंडकोशाच्या जागी पोचतात. काही पेशी वाटेतच, छातीत राहून जातात आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्यात गाठ उठते, असं मानतात. माझा भाऊ आईच्या पोटात असतानाची गोष्ट. आईला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, हे शोधत बसली असती.

बायोप्सीचा दिवस मला सगळ्यात कठीण गेला. त्याला आडवं झोपवत नव्हतं, आणि पूर्ण भूल देणं धोक्याचं होतं, कारण झोपेत स्नायू सैल पडले की गाठ श्वासनलिकेवर बसू शकते. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करून, अर्धवट बसलेल्या स्थितीत, तेवढीच जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत छातीच्या हाडाच्या बाजूने जाड सुई घातली. डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं की टक् असा आवाज येईल, हलू नकोस. मी पडद्याबाहेर उभी राहून आवाज मोजले. पाच. ह्या वेळी तुकडा मेलेल्या भागातून नको म्हणून त्यांनी कडेच्या जिवंत भागातून घेतले होते.

थोड्या वेळाने वॉर्डबॉयने माझ्या हातात एक बाटली दिली. लॅब रस्त्यापलीकडे होती, नेऊन द्यायची होती. फॉर्मलिनमध्ये पाच तुकडे तरंगत होते, फिकट, जेमतेम सेंटिमीटरभर, शेवयांच्या चुऱ्यासारखे. एकाचं टोक लालसर. बाटलीवर त्याचं नाव, वय, तारीख. झाकण घट्ट आहे ना ते मी तीनदा बघितलं. रस्ता ओलांडताना एका हाताने बाटली पोटाशी धरली होती आणि दुसरा हात पुढे, रिक्षावाल्यांना थांबवत. एवढ्याशा बाटलीवर त्याचं सगळं पुढचं अवलंबून आहे हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

पहिला रिपोर्ट आला, "पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नंट ट्यूमर". कॅन्सरच आहे, पण कुठल्या जातीचा ते नुसत्या बघण्याने सांगता येत नाही. फोनवर तिथले एक जण म्हणाले, केराटिन पॉझिटिव्ह आलंय, कार्सिनोमा वाटतोय. तो अर्धा दिवस आम्ही फार वाईट काढला. पसरलेला कार्सिनोमा (अवयवांच्या अस्तरात सुरू होणारा कॅन्सर) म्हणजे आयुष्य थोडं लांबवायची ट्रीटमेंट, आणि जर्म सेल ट्यूमर म्हणजे कठीण असली तरी बरं करायच्या इराद्याने केलेली ट्रीटमेंट. केराटिन हे पेशींतलं प्रथिन दोन्हींत पॉझिटिव्ह येऊ शकतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. फोनवर अर्धवट निकाल ऐकू नये आणि सांगणाऱ्यानेही सांगू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

ब्लॉक आणि स्लाईड घेऊन आम्ही परळला टाटा मेमोरियलला गेलो. ज्यांच्या घरात कॅन्सर आलाय त्यांना हे दोन शब्द पाठ असतात. तुकडे मेणात घालून त्याची छोटी वडी करतात, प्लास्टिकच्या जाळीच्या खोक्यात बसवलेली, आगपेटीपेक्षा लहान. तोच ब्लॉक. त्याचे अगदी पातळ काप काढून काचेवर ठेवतात, त्या स्लाईड. एका ब्लॉकमधून पुष्कळ काप निघतात, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणी नव्याने तपासता येतं, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. तो ब्लॉक पेशंटला मागून घेता येतो. आमच्या आधीच्या लॅबने सही घेऊन लगेच दिला.

राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. तिथल्या एका गृहस्थांनी पहिल्याच रात्री अण्णांना सांगितलं, "फाईल काढायला सकाळी लवकर जा, आणि सगळ्या रिपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स करून ठेवा." स्वतःच्या बायकोच्या ट्रीटमेंटला आलेला माणूस, पण दुसऱ्याला वाट दाखवताना थकत नव्हता. टाटाच्या बाहेर अर्नेस्ट बोर्जेस मार्गाच्या फुटपाथवर, ओपीडीच्या बाकड्यांवर, लिफ्टच्या रांगेत, जिथे बसाल तिथे कुणीतरी अशी माहिती देतं. भावाच्या शेजारी एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बसायची. तिचीही गाठ छातीच्या मध्यभागी, पण लिम्फोमा. तिचेही टीबीच्या औषधांत दोन महिने गेले होते. दोघांच्या छातीवर सारख्याच निळ्या शिरा.

तिथल्या डॉक्टरांनी एएफपीचा कागद बघितला आणि सांगितलं की हा आकडा, हे वय आणि ही जागा एवढ्यावरही आम्हाला जवळजवळ खात्री आहे. श्वास बिघडला तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करू, नाहीतर आठवडाभर थांबून पक्कं नाव घेऊ. रात्री-अपरात्री काय झालं तर कुठे यायचं तेही लिहून दिलं.

त्या आठवड्यात ब्लॉकच्या कापांवर एकामागून एक रंग चढवून बघितले, आयएचसी. प्रत्येक रंग पेशीतलं एक विशिष्ट प्रथिन शोधतो. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी तो एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकासारखा ओळीने वाचला. एलसीए निगेटिव्ह, म्हणजे लिम्फोमा नाही. सॅल-फोर पॉझिटिव्ह, म्हणजे जर्म सेल. ग्लिपिकन-थ्री पॉझिटिव्ह, एएफपी काही ठिकाणी पॉझिटिव्ह, ऑक्ट-फोर निगेटिव्ह. आणि एक ओळ, "नट : निगेटिव्ह". ह्या ओळीबद्दल मी विचारलं. नट कार्सिनोमा हा अतिशय दुर्मीळ आणि फार वेगाने वाढणारा कॅन्सर आहे, लहान मुलांत आणि तरुणांत जास्त सापडतो, छातीत किंवा नाका-घशाच्या भागात. साध्या नजरेला तो नुसता "बिघडलेला कार्सिनोमा" दिसतो. तो रंग मुद्दाम लावला तरच ओळखू येतो, म्हणून तरुण पेशंटमध्ये लावतात. डॉक्टरांनी हे दोन मिनिटांत सांगितलं, पण मी परतताना वाटभर ज्यांचा तो रंग लावलाच गेला नसेल त्यांच्याबद्दल विचार करत होते.

शेवटची ओळ : योक सॅक ट्यूमर, मीडियास्टायनम. म्हणजे दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतला, योक सॅक जातीचा जर्म सेल ट्यूमर. पहिल्या एक्स-रेपासून ७३ दिवस झाले होते.

छातीत सुरू झालेला ह्या जातीचा ट्यूमर, अंडकोशात सुरू होणाऱ्यापेक्षा चिवट असतो. जगभर वापरतात त्या वर्गवारीत तो आपोआप सर्वांत अवघड गटात जातो, मग आकडे कितीही असोत. हे डॉक्टरांनी लपवलं नाही. "अवघड आहे, पण बरा करायच्या हेतूनेच सुरू करतोय," असं म्हणाले. भाऊ म्हणाला, "मग करू या." केमोथेरपीत नेहमी ब्लिओमायसिन असलेलं मिश्रण देतात, पण ते फुप्फुसांना त्रास देतं आणि याची नंतर छातीची मोठी शस्त्रक्रिया व्हायची होती, म्हणून त्याऐवजी दुसरं औषध धरून चार सायकल ठरल्या.

सुरू करायच्या आधी एक दिवस डॉक्टरांनी विचारलं, "लग्न झालंय? वीर्य साठवून ठेवलंय?" ह्या औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. एकच दिवस हातात होता. मला वाटलं होतं हे बोलणं अण्णांना जमणार नाही. शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय घराबाहेर न पडणारा, मुलांशी पगार आणि पाऊस सोडून दुसरं न बोलणारा माणूस. ते उठले, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, मी येतो तुझ्याबरोबर." दोघे टॅक्सीने गेले. अडीच तासांनी आले. अण्णांनी पावती घडी करून पाकिटात, आईच्या फोटोमागे ठेवली. त्या विषयावर पुन्हा कुणी काही बोललं नाही. पहिलं सलाईन दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं, पायालाच.

चौथ्या दिवशी उठल्यावर त्याचे डोळे पूर्ण उघडले होते. सूज उतरायला लागली होती. एएफपी दुसऱ्या सायकलच्या आधी २,१०० वर आलं, चौथ्यानंतर नॉर्मल. नंतर शस्त्रक्रिया झाली, उरलेली गाठ काढली, तिच्यात जिवंत कॅन्सर निघाला नाही. केस परत आले आहेत, पायाच्या बोटांना मुंग्या अजून येतात. दर दोन महिन्यांनी रक्त आणि ठरलेल्या वेळी सीटी. पुढची तारीख १७ आहे. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत आई देवापुढचा दिवा विझू देत नाही.

ब्लॉक परत मिळाला आहे. तो गावी, आईच्या लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत असतो. परवा आई आवरत होती, हातात घेऊन म्हणाली, "हे अजून ठेवायचं का गं? बघवत नाही." मी म्हटलं, ठेवायचं आई, पुन्हा कधी तपासायची वेळ आली तर लागेल, फक्त उन्हापासून लांब ठेव. तिने तो रुमालात गुंडाळला आणि खालच्या खणात, गारव्याला ठेवला.